हातावरचा कापूर

उखर्डू नानांच्या तळहातावर देव येऊन बसतो, असं गावाने सात वर्षं मानलं. मानणाऱ्यांत खुद्द नानाही होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना त्यांच्यावर ढोंगाचा आळ यायला नको. गावात ढोंगी माणसांचा तुटवडा नव्हता, पण नाना त्यांतले नव्हते.

गाव तापीकाठचं, दोंडाईच्यापासून चार-पाच कोसांवर. नानांच्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मले तेव्हा आईने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून परत आणून दिलं, आणि नाव पडलं उखर्डू. कचऱ्यातलं पोर म्हटल्यावर यमाला त्यात काय गोडी राहणार? नाना हे स्वतः हसत सांगायचे. ‘फसना बिचारा’ असं यमाबद्दल म्हणायचे.

शाळा चौथीपर्यंतच, पण गळा असा की मारुतीच्या देवळात पोथी लागली म्हणजे वरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या घरात बसून ऐकायच्या. श्रावण लागला की पोथी लागायची आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती संपायची. नाना एक ओवी सुरात वाचत, चष्मा कपाळावर सरकवत आणि अर्थ सांगत. पोथीची भाषा जुनी, गावाला त्यातलं अक्षर कळत नसे. नानांना निम्मं कळायचं, उरलेलं निम्मं ते आपल्या शेतातून आणून भरायचे.

शेवटचा अध्याय देवाच्या सत्तेचा. सूर्य कोणाच्या हुकमाने उगवतो, समुद्र आपली हद्द का ओलांडत नाही, आईच्या पोटातल्या जिवाला दाणापाणी कोण पोचवतं, असा तो लांबलचक पाढा. नाना तिथे रंगात यायचे.

“कपाशीना बोंडले कोन सांगस, आते फूट म्हनीसन?” ते विचारत. “सुगरनले खोपा कोन शिकाडस? तिनी कोनती शाळा देखी?”

बायका माना डोलवत. मागे भिंतीला टेकलेला एखादा म्हातारा पेंगत असे, तोही ‘खरं शे, खरं शे’ म्हणून पुन्हा पेंगत असे.

त्याच अध्यायात एक ओवी आगीची होती. आगीत दाहकता त्यानेच ठेवली आणि पाण्यात गारवा त्यानेच ठेवला, अशा अर्थाची. तिचा अर्थ नाना घाईत सांगून मोकळे व्हायचे. आग भाजते यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटत असावं.

बासष्ट साली, उन्हाळ्यात, नानांचा एकुलता एक मुलगा पुना गेला. एकोणीस वर्षांचा होता. शेतातल्या विहिरीचा गाळ काढायला उतरला आणि वरून दरड कोसळली. त्याला वर काढायला दुपार झाली. नाना काठावर उभे होते. दोर ओढणाऱ्यांना ते ‘हळू, हळू’ म्हणत राहिले, पुनाला बाहेर काढून ठेवल्यावरही म्हणत राहिले.

तानुबाईने, नानांच्या बायकोने, त्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर उभं राहून देवाला शिव्या घातल्या. “झोपना व्हता का तू?” असं ती ओरडली. गावाने कानांवर हात ठेवले. नाना मात्र रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही, दहाव्याला नाही. लोक म्हणाले, बघा, पोथी कशी अंगात मुरली आहे, देवाची सत्ता ज्याला समजली तो असा असतो. आणि तानुबाईला म्हणाले, नवऱ्याकडे बघ जरा, शीक काहीतरी.

नवऱ्याच्या आत काय होतं ते कोणी विचारलं नाही. आत काहीच नव्हतं. भाकर तोंडात जायची, पण ती ज्वारीची की बाजरीची हे खाताना लक्षात यायचं नाही. सकाळी बैल सोडायचे, संध्याकाळी बांधायचे. रस्त्यात कोणी पुनाचं नाव काढलं तर नाना त्याच्याकडे बघत राहायचे. कोणीतरी दुसऱ्याच गावातल्या माणसाची चौकशी करतं आहे असं त्यांना वाटायचं. हीच शांती असेल, असा त्यांनी हिशेब लावला. पोथीत शांतीबद्दल पुष्कळ लिहिलेलं होतं, आणि ती आल्यावर कशी लागते हे त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं.

त्रेसष्टच्या श्रावणात, शेवटच्या संध्याकाळी, आरतीच्या वेळी तबक कलंडलं आणि कापराचा पेटता खडा नानांच्या उजव्या तळहातावर पडला. नाना डोळे मिटून म्हणत होते. म्हणतच राहिले. हातावर जाळ, आणि आवाजात एवढासाही कंप नाही. मग झुलाल आबा उठले. देवळाची व्यवस्था त्यांच्याकडे, गावात त्यांचा शब्द शेवटचा.

“देखा रे, देवनी सत्ता देखा!” ते गहिवरून म्हणाले. “इस्तो हातवर शे आनि मानूसले खबर नही!”

नानांनी डोळे उघडून बघितलं तेव्हा कापूर विझत आला होता. त्यांना खरोखरच खबर नव्हती. बायका पाया पडायला पुढे आल्या तशी त्यांच्या मनात आलं की असेलही. पुनाला नेलं, त्याच्या बदल्यात हे दिलं असेल.

तेव्हापासून रिवाजच पडला. दरवर्षी शेवटच्या ओवीनंतर झुलाल आबा कापराचा खडा घेऊन यायचे आणि नाना हात पुढे करायचे. दुसऱ्या दिवशी हाताला टपोरा फोड यायचा, पण दुसऱ्या दिवशी पोळा. सगळं गाव बैलांच्या शिंगांना रंग लावण्यात दंग, माणसाच्या हाताकडे बघतो कोण? तानुबाई लोणी लावायची. नाना फोडासकट वखर धरायचे आणि त्यांचं काही दुखायचं नाही.

अशी सात वर्षं गेली. सत्तर साली, होळी उलटल्यावर, गावात सरकारी साहेब सायकलवर आले. अंगावरचे चट्टे तपासायचं त्यांचं काम, म्हणून त्यांना गावोगाव चट्टेवाले साहेबच म्हणत. शाळेच्या ओट्यावर ते एकेका घराला बोलवत. नानांच्या उजव्या दंडापासून खाली एक फिकट पट्टा उतरला होता. नाना त्याला उन्हाचा डाग समजत होते.

साहेबांनी डोळे मिटायला सांगितलं. “पीस लावतो. जिथे लागेल तिथे बोट ठेवा.”

नाना डोळे मिटून बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, “करा ना सुरू.”

साहेबांचं पिसाने तपासून झालं होतं, टाचणीनेही झालं होतं. त्यांनी नानांना कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं. सरकारी शब्द कुष्ठरोग, गावचा शब्द रगतपिती. पण हा पसरणारा प्रकार नाही, गोळ्या नेमाने घ्या, कोणाला सांगायची गरज नाही. हाताची संवेदना परत येईल असं मात्र मी कबूल करत नाही. विस्तवापासून हात जपा.

नानांनी विचारलं, “कवयपाशीन शे?”

“सात-आठ वर्षं तरी असेल.”

नानांनी मान हलवली. रागही आला नाही, भीतीही वाटली नाही. दुसऱ्याच कोणाचा तरी निकाल वाचून दाखवावा तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

मग घरच्या माणसांची तपासणी, म्हणजे एकट्या तानुबाईची. साहेबांनी तिचे हात उलटेपालटे केले आणि उजव्या तळहातावरच्या जुन्या, सुरकुतलेल्या डागावर थांबले. तो डाग नानांनी कधी बघितला नव्हता. आठ वर्षांत त्यांनी बायकोच्या हाताकडे बघितलंच नव्हतं.

“हे कशानं भाजलं?”

तानुबाईने आधी नानांकडे बघितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “कापूर धरा व्हता, साहेब. यासनासारखा. पाच वरीस व्हयनात.”

एका सोमवारी, घरात कोणी नसताना, तिने देव्हाऱ्यासमोर तळहातावर कापूर पेटवला होता. देवाला एकदा विचारायचं होतं, माझ्यावर राग आहे का म्हणून. जाळ लागला तशी ती किंचाळली, खडा झटकला, पदरही थोडा जळला. उत्तर मिळालं, असं ती समजली. पुना गेला तेव्हा आपण देवाला शिव्या घातल्या, म्हणून त्याने आपल्याला जवळ केलं नाही. नवऱ्याला केलं. हे ओझं घेऊन ती पाच वर्षं त्याच नवऱ्याच्या फोडांना लोणी लावत होती.

“लागलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“भलतं लागनं, साहेब,” ती मान खाली घालून म्हणाली.

“मग तुम्ही ठणठणीत आहात,” साहेब म्हणाले आणि वहीत तशी खूण करून त्यांनी पुढच्या घराला हाक मारली.

पांढऱ्या गोळ्या नानांनी शिंगांच्या रंगाच्या डबीत ठेवल्या. एरवी वर्षातून एकदाच ती डबी कोणी उघडत असे. रोज एक गोळी पाण्याबरोबर जायची. साहेबांचं कोपऱ्यातलं बोलणं तानुबाईने ऐकलं होतं की नाही, हे नानांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

श्रावण आला, पोथी लागली. नाना वाचत होते, अर्थ सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना आपलाच आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता. कापसाचं बोंड, सुगरणीचा खोपा, सगळं जागच्या जागी. गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. साहेबांनीच सांगितलं होतं, कोणाला कळायची गरज नाही. बोललं तर वाचायचा पाट जाईल, पोथी जाईल, पाण्याचा लोटा वेगळा होईल. उखर्डू नावाचा माणूस शेवटी उकिरड्यावरच जाईल. न बोललं तर काहीच होणार नाही, फक्त दरवर्षी हात पुढे करायचा.

शेवटच्या संध्याकाळी ती आगीची ओवी आली. नानांनी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं. ओवी सरळ होती. आगीला भाजायचं काम देवाने दिलेलं आहे. सात वर्षं ते हीच ओवी वाचून, पाचच मिनिटांनी, न भाजणाऱ्या आगीबद्दल देवाचा जयजयकार करवून घेत होते. ते अर्थ न सांगताच पुढच्या ओवीवर गेले. लोकांना वाटलं, नाना आज थकले आहेत.

अध्याय संपला. झुलाल आबा कापूर घेऊन आले. त्यांच्या मागे त्यांची सून ताईबाई उभी होती. तिचं बाळ चैत्रात गेलं होतं. तिने आपला कोवळा तळहात नानांच्या हाताशेजारी पुढे केला आणि म्हणाली, “माले बी, नाना.”

नानांनी बायकांच्या बाजूला बघितलं. तानुबाई खांबाआड बसली होती आणि उजवी मूठ तिने पदराखाली घट्ट दाबून धरली होती.

नानांनी ताईबाईची बोटं मिटवली नाहीत, कारण तिला हात लावायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना त्याच क्षणी समजलं. त्यांनी आपला हात मागे घेतला.

“मना हातले रोग शे,” ते म्हणाले. आवाज पोथीचा नव्हता, साधाच होता. “रगतपिती. आठे काहीच लागत नही, म्हनीसन मी धरस. त्यामा देवना चमत्कार नही. ज्यासले चटका लागस त्या बठ्ठा चांगला शेतस.” मग खांबाकडे बघून म्हणाले, “मनी तानू बी चांगली शे.”

ताईबाईने हात पदरात घेतला. पुढे बसलेले लोक हळूहळू मागे सरकले. झुलाल आबांनी कापूर तबकात ठेवून आरती उरकली, आणि नानांच्या कपाळाला टिळा लावायचं त्यांच्याकडून राहून गेलं. सात वर्षं त्यांनीच मोठ्याने ओरडून गावाला चमत्कार दाखवला होता. सगळ्यांत जास्त चटका त्यांनाच बसला.

नानांना कोणी येऊ नका म्हणालं नाही. गावाला असं तोंडावर बोलता येत नाही. पुढच्या श्रावणात आतलं जाजम एका माणसापुरतं कमी अंथरलं गेलं, आणि नाना बाहेर ओट्यावर, निंबाखाली बसले. पोथी गिरधरकडे आली. गिरधर शाळेत मास्तर होता, घडाघड वाचायचा, पण अर्थ विचारला की घामाघूम व्हायचा. पहिल्याच आठवड्यात तो एका ओवीवर अडला. बराच वेळ नुसता पान न्याहाळत राहिला आणि मग दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली, “नाना, याना अर्थ?”

बाहेरून अर्थ आला, कापसासकट आणि सुगरणीसकट. तेव्हापासून तशीच वहिवाट झाली. वाचणारा आत, सांगणारा बाहेर. पोथीला विटाळ नको आणि अर्थही हवा, यावर गावाने काढलेला हा तोडगा होता. गावं असे तोडगे काढण्यात फार हुशार असतात.

बहात्तरच्या श्रावणात आभाळ कोरडं ठक्क होतं. ढग त्याच्या हुकमाचे चाकर, अशी ओवी आली आणि गिरधरने नेहमीप्रमाणे हाक मारली.

“चाकर शेतस, आशे पोथीमा लिखेल शे,” बाहेरून नाना म्हणाले. “हुकूम का व्हत नही ते माले ठाऊक नही.”

पूर्वी असं ते कधी म्हणाले नव्हते. आतल्या म्हाताऱ्यांना ते उत्तर पटलं, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घरात तानुबाई आता थोडी सैल झाली होती. मधूनमधून पुनाबद्दल बोलायची, त्याला आंब्याचा रस किती आवडायचा वगैरे. नाना ऐकायचे. गोळी चालू होती. हात आणखी बिघडला नाही, सुधारलाही नाही. आतलंही तसंच होतं.

त्र्याहत्तरच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तानुबाई भाकरी थापत होती आणि नाना चुलीपुढे बसून शिंगांच्या रंगाची डबी चाचपत होते. डबी निसटली. ती धरायला गेले आणि उजव्या हाताची दोन बोटं तव्याच्या काठावर पडली. नानांनी हात झटकन मागे ओढला.

तानुबाई थापता थापता थांबली. नाना आपल्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी तीच दोन बोटं पुन्हा तव्याला लावली.

“वेडा व्हयनात का?” ती ओरडली.

“लागस वं,” ते म्हणाले. “तानू, लागस.”

तिने पिठाच्या हातांनी त्यांचा हात ओढून पाण्याच्या घंगाळात बुडवला. पाणी गार होतं. तेही त्या दोन बोटांना समजलं, आणि नानांचा चेहरा वेडावाकडा झाला. अकरा वर्षं थांबलेलं रडू आलं तेव्हा ते ‘हळू, हळू’ एवढंच म्हणत होते. विहिरीच्या काठावर म्हणत होते तसंच. तानुबाईने तवा उतरवला नाही. भाकरी जळली, घरभर धूर झाला, आणि ती त्यांचा हात पाण्यात धरून बसून राहिली. तिचं रडून केव्हाच झालं होतं, पण ती पुन्हा रडली.

संध्याकाळी नाना आपल्या जागी, निंबाखाली जाऊन बसले. सत्तेचा अध्याय सुरू झाला. सूर्य झाला, समुद्र झाला. आगीची ओवी आली. गिरधरने वाचली आणि दाराकडे तोंड केलं. या ओवीचा अर्थ गेल्या दोन वर्षांत त्याने कधी विचारला नव्हता. सगळ्यांनाच ती अवघड जायची. या वेळी का विचारला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“नाना, याना अर्थ?”

“आगले भाजानं काम त्यानी दिधेल शे,” बाहेरून आवाज आला. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आज सकाय त्यानी माले भाजं. दोन बोटे भाजात. दहा वरीसमा पहिला चटका शे. त्याना उपकार शे.”

आत कोणी माना डोलवल्या नाहीत. झुलाल आबा उठले. गुडघ्यावर हात टेकत, कंदील घेऊन ते उंबऱ्याबाहेर आले. तीन वर्षांत ते नानांपासून दहा हातांच्या आत आले नव्हते. त्यांनी कंदील खाली ठेवला, नानांचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांवरच्या फोडाजवळ अंगठ्याने दाबलं.

“आठे लागस?”

“लागस.”

“आनि आठे?” त्यांनी तळहात दाबला.

“आठे नही.”

झुलाल आबांनी हात सोडला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि कंदिलाच्या उजेडात ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी आपली बोटं नानांच्या त्या दोन बोटांभोवती मिटली.

“आनि मना हात?”

नानांनी डोळे मिटले.

“थंडा शे, आबा,” ते म्हणाले.

झुलाल आबा तिथेच ओट्यावर, नानांच्या शेजारी टेकले आणि आत बघून म्हणाले, “गिरधर, वाच पुढे.”